मधातलं दिसलंच नाही

माझ्या साळ्याच्या हाताला मी एकदा चौघांत दोष दिला. दोष त्याच्या हाताचा नव्हता, मी निवडून दिलेल्या कॅमेऱ्याचा होता, आणि हे मला त्याच वर्षीच्या लग्नसराईत कळलंही होतं. कळल्यावर लगेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं बरंचसं हसत सांगण्यासारखं आहे, आणि हसता हसता मुद्द्याची गोष्ट गिळून टाकायची मला खोड आहे.

बुलढाण्याजवळच्या धाड गावात माझा स्टुडिओ आहे. गावात मला कुणी छायाचित्रकार म्हणत नाही, शूटिंगवाला म्हणतात. लग्नं, साखरपुडे, जावळं, एखाद्या पुढाऱ्याचा सत्कार, यावर माझं घर चाललं. तेव्हा खांद्यावरचा मोठा कॅमेरा हीच शूटिंगवाल्याची इभ्रत होती. मुलीचा बाप आधी कॅमेऱ्याचा आकार बघायचा, मग माझ्याकडे बघायचा. लहान कॅमेरा घेऊन मांडवात शिरलं की बायका विचारायच्या, मोठा आणला नाही काय?

माझी सासरवाडी धामणगाव बढ्याजवळची. सासरे लवकर गेले. सासूबाईंनी वांगी, मिरच्या, मेथी पिकवून आणि बाजारात स्वतः बसून दोन लेकरं वाढवली. मी त्यांना मामी म्हणतो. मोठी मुलगी मला दिली, धाकटा मुलगा फौजेत गेला. फौजेतही कुठे, तर आकाशातून उड्या मारणाऱ्यांच्या पलटणीत. पुढे तो तिथल्या एका पथकात निवडला गेला. हे लोक सणा-समारंभाला वरून उड्या घेतात, खाली येईपर्यंत एकमेकांचे हात धरून हवेत फूल करतात, मग वेगळे होऊन छत्र्या उघडतात.

त्याच्या हातांबद्दल सांगायला हवं. सुईत दोरा ओवायचा असला की मामी त्याची सुट्टी येईपर्यंत थांबायच्या, अशी थट्टा माझी बायको करायची. मधमाश्यांच्या पोळ्याखाली उभा राहून हळूहळू फांदी कापायचा आणि एक माशी उठायची नाही. रजेवर आला की माझ्या दुकानात येऊन बसायचा आणि अडकलेल्या कॅसेटची फीत पेन्सिलीने अशी गुंडाळून द्यायचा की तिला एक सुरकुती राहत नसे. मला त्याचा फार लळा होता. आजही आहे. म्हणून तर हे लिहायला इतका वेळ लागला.

मामींना त्याचं उडी मारणं मुळीच पसंत नव्हतं. पॅराशूट हा शब्द त्या तोंडात घेत नसत. छत्रीच म्हणत. त्याचा फोन आला की पहिला प्रश्न, छत्री नीट शिवलेली हाय ना? ज्या दिवशी तो उडी घेणार असं कळे, त्या दिवशी त्यांच्या घशाखाली भाकर उतरत नसे. एका दिवाळीच्या रजेत त्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं की नोकरी कर, पण हे वरून पडणं आता बंद कर. जमिनीवरची खूप कामं असतील पलटणीत.

तो हसला नाही. त्याने आईचे पाय दाबता दाबता सांगितलं, "आई, तुले वाटते मी दगडावानी पडतो. तसं नसते. तू एकदा डोयानं पाह्य. मी तुले सिनेमा आणून दाखवतो. पाह्यल्यावर तू म्हणशीन सोड, तं त्या दिवशी सोडतो. तुई आन."

मामी म्हणाल्या, "आण मंग."

आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. घरात शूटिंगवाला जावई असताना कॅमेऱ्याचा प्रश्न तो दुसऱ्या कुणाला विचारणार?

त्या रजेत आणि नंतर फोनवर आमचं महिनाभर तेच चाललं. त्याला काय हवं ते तो मला समजावून सांगायचा आणि मी ते लग्नाच्या शूटिंगच्या भाषेत ऐकायचो. त्याचं म्हणणं साधं होतं. कॅमेरा हेल्मेटवर बसवायचा, म्हणून हलका हवा. छत्री उघडते तेव्हा मानेला जोराचा हिसका बसतो, डोक्यावर वजन असेल तर मान दुखावते. कॅमेऱ्याला कुठे टोक, पट्टा, पडद्याची उघडी फळी नको, कारण छत्रीची दोरी त्यात अडकली तर जिवाशी गाठ. चित्र रुंद यायला हवं. चालू आहे की नाही ते हेल्मेट घातल्यावरही कळायला हवं. आणि थंडीत बॅटरी टिकायला हवी, कारण वर उन्हाळ्यातही गार असतं.

मी म्हणालो, झूम मोठा असलेला घेऊ. तो म्हणाला, "भाऊजी, झूम घेऊन काय करू? समोरचा गडी हातभर अंतरावर असते." मी म्हणालो, कमी उजेडात चांगलं घेणारा पाहू. तो म्हणाला, "वर सूर्य असते भाऊजी, हॅलोजन लागत नाही." बायको स्वयंपाकघरातून म्हणाली की यांना वाटतं वर मांडव घातला आहे. खूप हसलो त्या दिवशी.

एका बाबतीत मात्र मी हटलो नाही. त्याच्या पथकातले सगळे कॅसेटचे छोटे कॅमेरे वापरायचे. जुने होते, पण चालत होते. त्याचाही कल तिकडेच होता. मला कॅसेट नको होती, आणि त्याला कारण होतं.

आदल्याच वर्षी पिंपळगाव राजाच्या एका लग्नात माझी कॅसेट बरोबर शेवटच्या मंगलाष्टकाला संपली. मी खाली वाकून दुसरी भरेपर्यंत अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, हार गळ्यात गेले. मी नवरा-नवरीला हळूच म्हणालो, हार पुन्हा एकदा घाला. नवरदेवाच्या मामाने ते ऐकलं. तो सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "लग्न एकदाच लागते. तुया कॅसेटसाठी दोनदा लावाव काय?" आजही कुणी तो प्रसंग काढला की माझे कान तापतात. शूटिंगवाल्याच्या जन्मात याहून मोठी नामुष्की नाही. तेव्हापासून कॅसेट बदलायची नाही, चित्र तुटायचं नाही, हाच माझ्या डोक्यात कॅमेऱ्याचा एकमेव गुण होऊन बसला होता.

त्या सुमारास आत हार्डडिस्क असलेले छोटे कॅमेरे नवीन आले होते. कॅसेट नाही, काही नाही, तासन्‌तास चालतात. त्यानंतरच्या रजेत औरंगाबादच्या दुकानात काचेवर आम्ही दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवले. एक कॅसेटचा, एक हार्डडिस्कचा. साळा दोन्ही हातांत घेऊन तोलत होता. हेल्मेट बरोबर आणलं होतं, त्यावर एकेक धरून मान इकडेतिकडे वळवून पाहत होता. दुकानातली माणसं बघून राहिली होती. त्याने कॅसेटवाला उचलला आणि म्हणाला की आमच्या तिकडं हेच चालतात, बिघडले तर पोरं दुरुस्तही करतात.

मी त्याला मांडवातली गोष्ट पुन्हा सांगितली. तो म्हणाला, "भाऊजी, माया सारा खेळ मिनिटभराचा असते. छत्री उघडली का संपलं. कॅसेट संपणार कशी?"

एवढं सरळ उत्तर होतं. पण मी शूटिंगवाला होतो आणि त्याहून जास्त जावई होतो. मी म्हणालो, नवं ते नवं, जुन्यात पैसे घालू नये. त्याने कॅसेटवाला काचेवर परत ठेवला. म्हणाला, "तुमी त्यातले जाणकार. तुमी म्हणान तो."

आमच्याकडे जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. जावई म्हणाला भाजीला मीठ कमी आहे, तर सगळे आपल्या ताटात मीठ घेतात. मला हे तेव्हा आवडायचं. आता त्या गोष्टीकडे पाहिलं की वाटतं, त्या मानानेच मला आंधळं केलं.

पथकातल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की नव्या जातीचा कॅमेरा आधी जमिनीवर पारखून घे. मग आम्ही हेल्मेटवर पट्टीने कॅमेरा बांधला आणि मोटरसायकलवर राजूरच्या घाटात गेलो. मी चालवत होतो, तो मागे हेल्मेट घालून बसलेला. वळणावळणाला मान फिरवून दरी टिपत होता. समोरून येणाऱ्या जीपमधली माणसं वळून वळून बघत होती. घरी येऊन पाहिलं तर चित्र छान आलं होतं, हादरे फार नव्हते, वाऱ्याचा आवाज तेवढा होता. माझी छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी सासरवाडीच्या वावरात त्याने आणखी एक परीक्षा काढली. गोठ्यामागे कुटाराचा, मळणीच्या भुशाचा, मोठा ढीग होता. तो गोठ्याच्या कौलावर चढला आणि वरून म्हणाला की कॅमेरा चालू ठेवून मी कुटारात उडी घेतो, म्हणजे पडताना काय होतं ते कळेल. मी खालून ओरडलो, खबरदार. कुटाराची धूळ भिंगात गेली तर नवा कॅमेरा दोन दिवसांत कामातून जाईल. हे काय लेकरांचं खेळणं आहे? तो वरून हसला. म्हणाला, "वरून उडी मारायची हाय भाऊजी, अन् उडी मारून पाहायची नाही म्हंता." पण उतरला. कौलावरून सरळ, शिडीने, माझा शब्द राखून.

त्या एका उडीत सगळं कळलं असतं.

जाताना मी त्याला आणखी एक ताकीद दिली. शूटिंग झालं की कॅमेऱ्यातच लावून पाहत बसू नको. कॅसेटच्या काळात नवशिके असं करायचे, मागे फिरवून पाहायचे आणि मग चुकून त्यावरच नवीन घ्यायचे. अख्खी हळद पुसलेली मी पाहिली आहे. हार्डडिस्कला हा धोका नव्हता, पण सवय माझी होती. म्हणालो, काही दाबू नको, जसं आहे तसं आणून माझ्या हातात दे. त्याने तसंच केलं.

तो पुढच्या रजेला आला तेव्हा थंडी होती. मामींनी त्या दिवशी भाजी बाजारात नेली नाही. पुढच्या खोलीतला टीव्ही पुसून ठेवला होता. मी तारा जोडल्या. मामी, साळा, माझी बायको आणि मी, एवढेच होतो. मामी खुर्चीवर बसल्या नाहीत, टीव्हीसमोर जमिनीवर, अगदी जवळ बसल्या.

चित्र सुरू झालं. हेलिकॉप्टरचं पोट. समोर बसलेल्यांचे गुडघे, पट्टे, एकाने कॅमेऱ्याकडे बघून जीभ काढली. मामी हसल्या. विचारलं, हा कोण? साळा म्हणाला, हरियाणाचा आहे, चार भाकरी खाते. मग दार. दाराबाहेर खाली शेतं, आमच्याकडच्यासारखीच, बांधांनी कापलेली. साळ्याचे बूट दाराच्या कडेवर आले. मामींनी पदर तोंडाशी धरला.

आणि पुढचं चित्र गवताचं होतं. गवत, चालणारे बूट, कुणाचं तरी हसणं, मग पिशवीच्या आतला काळोख आणि घरघर. कितीतरी वेळ काळोखच.

मी पुढची क्लिप लावली. पुन्हा दार, पुन्हा बूट कडेवर, आणि पुन्हा गवत. तिसरी लावली. तेच.

मामी माझ्याकडे वळल्या. "अन् मधातलं?"

काय झालं असावं ते मला दिसत होतं. उडीच्या क्षणी कॅमेरा बंद पडला होता. खाली आल्यावर त्याने बंद करायला बटन दाबलं, तेव्हा तो चालू झाला होता. साळा पुढे सरकला. म्हणाला, "भाऊजी, बाहेर पडायच्या आधी लाल दिवा चालू होता. मी बाजूच्या गड्याले विचारून पाह्यलं होतं. दर येळी विचारलं."

तिन्ही वेळा बरोबर एकाच जागी. हात चुकायचा तर एकदा चुकतो. मी धंद्यातला माणूस, हे मला त्या क्षणीच समजायला हवं होतं, आणि आत कुठेतरी समजलंही होतं. पण त्या खोलीत मी जाणकार होतो. कॅमेरा माझ्या शब्दावर घेतलेला होता. बायको माझ्याकडे पाहत होती. मी जरासा हसून म्हणालो, "उलटं दाबलं रे तू. वर गेल्यावर माणसाले भान राहत नाही. घाईत हात चुकला तुया."

मला वाटलं, लहानशी गोष्ट आहे. नव्या माणसाकडून होतंच असं. पुढच्या वेळी नीट घेईल.

साळ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. बोलला नाही. घरातला जावई बोलला होता.

मामी मात्र माझं वाक्य घेऊन दुसरीकडेच गेल्या. त्या मुलाकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "तिथं तुया हात चुकते? मंग छत्रीच्या दोरीवर चुकला तं?"

तेव्हाही वेळ होता. मी म्हणू शकलो असतो की मामी, मला नक्की माहीत नाही, कॅमेऱ्यातही दोष असू शकतो. मी तारा गुंडाळत बसलो.

"सोड," मामी म्हणाल्या. त्याने आईची आण घेतली होती. तो म्हणाला, "हाव आई."

परत गेल्यावर त्याने पथक सोडलं. पलटणीतच छत्र्यांच्या घड्या घालण्याचं काम घेतलं. दुसऱ्यांच्या छत्र्या. ते काम जबाबदारीचं असतं, एक घडी चुकली तर माणूस जातो. त्याच्या हातांवर पलटणीचा केवढा विश्वास होता ते यावरूनच कळावं. मामींना मात्र एवढंच कळलं की मुलगा जमिनीवर आला, आणि त्यांना भाकर गोड लागू लागली. कॅमेरा माझ्याकडेच राहिला. तो म्हणाला, मला आता काय करायचा?

त्या उन्हाळ्यात मी तो छोटा कॅमेरा वरातीसाठी वापरायला लागलो. ट्रॉलीवर चढून नाचणाऱ्यांचं वरून घेत होतो. वरात पुढे सरकली तशी मी कॅमेरा चालू ठेवूनच ट्रॉलीवरून खाली उडी मारली. दुकानात मिक्सिंगला, म्हणजे तुकडे जोडायला, बसलो तर उडीच्या जागी चित्र तुटलेलं. आधी ट्रॉलीवरचं, मग मी पुन्हा चालू केल्यानंतरचं.

दुकान बंद करून कॅमेरा घेऊन घरी आलो. भर दुपारी आमच्या ओट्यावरून कॅमेरा चालू ठेवून उडी मारली. बंद. पुन्हा चढलो, पुन्हा मारली. पडद्यावर पडणाऱ्या कॅमेऱ्याचं एक बारकं चिन्ह चमकलं आणि चित्र थांबलं. कॅमेरा हातातून सुटून पडतो आहे असं समजून आतली डिस्क स्वतःला वाचवायला बंद होत होती. लग्नात ही सोय फार चांगली. कॅमेरा खाली पडला तरी आतलं लग्न वाचतं. आकाशातून उडी मारणाऱ्या माणसासाठी मात्र याहून निरुपयोगी कॅमेरा साऱ्या औरंगाबादेत शोधून सापडला नसता. मी निवडून निवडून तोच काढला होता.

बायको दारात येऊन उभी राहिली. पोट सुटलेला नवरा ओट्यावरून उड्या मारतो आहे, हे बघून म्हणाली, "काऊन हो, काय करून राह्यले?" मी म्हणालो, व्यायाम.

तेव्हाच धामणगावला जायला हवं होतं. तो अजून तरुण होता, पथकात त्याची जागा परत मिळाली असती, मामींना समजावता आलं असतं. मी नाही गेलो. आज उद्या करत राहिलो. स्वतःला सांगायचो की आईला शांत झोप लागते आहे, मग कशाला जुनं उकरायचं. खरं कारण त्याहून हलकं होतं. सासरवाडीत मी जाणकार होतो, आणि ते मला सोडवत नव्हतं. वर्षं गेली. त्याची बदली झाली, लग्न झालं, वय उलटलं. फौजेतून सुटून तो गावी आला आणि बाजारात आईच्या जागेवर भाजी लावू लागला. कॅमेऱ्याचं कधी नाव काढलं नाही. मला बघितलं की अजूनही आधी पाणी आणून देतो.

फक्त एक गोष्ट राहिली. मी बोललेलं ते वाक्य घरातली थट्टा होऊन बसलं. त्याच्या हातून चहा सांडला की मामी म्हणायच्या, हात चुकला. विळ्याने बोट कापलं की माझी बायको म्हणायची, अरे, तुया हात चुकते ना. त्याची मुलंही म्हणू लागली. प्रेमाची थट्टा होती, तोही हसायचा. पुढे पुढे तो स्वतःच म्हणायला लागला. पाहुण्यांना पान लावून द्यायचं असलं तरी, "दुसऱ्याले सांगा, माया हात चुकते." मीही हसायचो. माझ्याइतकं खोटं कुणी हसत नसेल.

गेल्या हिवाळ्यात मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. बुलढाण्याहून त्यांना घेऊन साळा आणि मी धामणगावला आलो. डोळ्यात दिवसातून काही वेळा थेंब टाकायचे होते, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की बाटलीचं टोक डोळ्याला लागता कामा नये. सकाळची वेळ होती. अंगणात बाजेवर मामी उताण्या पडलेल्या, ऊन अजून कोवळं होतं. मी औषधाची बाटली साळ्यापुढे धरली. साऱ्या घरात या कामाला त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता.

त्याने हात मागे घेतला. या वेळी हसला नाही. म्हणाला, "तुमीच टाका भाऊजी. डोयाचं काम हाय. माया हात चुकते."

त्याला खरंच तसं वाटत होतं. इतकी वर्षं मी समजत होतो की ती नुसती थट्टा आहे. ज्याने शेकडो लोकांच्या छत्र्यांच्या घड्या घातल्या, तो आईच्या डोळ्यात थेंब टाकायला भीत होता, आणि ती भीती मी त्याला दिली होती.

मामी डोळे मिटून म्हणाल्या, "टाका ना जवाईबापू, तुमीच टाका."

मी बाटली त्याच्या हातात दिली आणि त्याची बोटं तिच्यावर मिटवली. बाजेच्या कडेला बसलो. मामींना म्हणालो, डोळे उघडू नका, नुसतं ऐका. आणि जे होतं ते सगळं सांगितलं. कॅमेऱ्याचं, ओट्यावरच्या उड्यांचं, हे सगळं मला त्याच साली कळलं होतं याचं. मला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही. इतक्या वेळा मनात म्हणून झालं होतं.

मामींनी मध्ये एकदाच विचारलं, "मंग त्याचा हात?"

"मामी, तिन्ही येळी त्यानं बराबर केलं होतं. माया शब्द खाली पडू नये म्हणून तो गप बसला, अन् मी त्याच्या हातावर खापर फोडलं. तुमी सोड म्हटलं ते माया खोट्या बोलण्यावर म्हटलं. मले माफ करा."

मग मी साळ्याकडे वळलो. जावयाने साळ्यापुढे हात जोडायचे नसतात आमच्याकडे. मी जोडले.

"तुया हात कधीच चुकला नाई रे. चुकलो तो मी, अन् तुयं उडणं माया पायी गेलं. मले माफ कर."